घरून काम करणाऱ्याने विचारायचं कोणाला?

सायबर सुरक्षेचं वार्षिक प्रशिक्षण म्हणजे काय, हे आयटीत, बँकेत किंवा बीपीओत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. एचआरची मेल येते, मुदतीची तारीख लाल अक्षरात. दोन स्मरणपत्रं जातात, तिसऱ्यात मॅनेजरचं नाव सीसीत दिसतं. मग कुठल्या तरी लांबलेल्या कॉलवर स्वतःला म्यूट करायचं आणि दुसऱ्या टॅबमध्ये कोर्स उघडायचा. टोपीत तोंड लपवलेला हॅकर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, ‘पासवर्ड कुणालाही सांगू नका’, नेक्स्ट, नेक्स्ट, आणि शेवटी दहा प्रश्न. पास झालं की सर्टिफिकेट, नापास झालं की लगेच पुन्हा तीच परीक्षा. सर्टिफिकेट एचआरच्या फोल्डरमध्ये जातं आणि ऑडिटर आला की त्याच्यापुढे ठेवलं जातं.

माझं म्हणणं असं आहे की या प्रकाराने घरून काम करणारा माणूस सुरक्षित होत नाही. कंपनीची कागदोपत्री जबाबदारी तेवढी पूर्ण होते, आणि उद्या काही विपरीत घडलं तर बोट दाखवायला एक माणूस हाताशी राहतो. ‘तुम्हाला तर ट्रेनिंग दिलं होतं ना?’ या प्रश्नाला त्या माणसाकडे उत्तर नसतं, कारण सर्टिफिकेटवर त्याचंच नाव असतं.

याला आता भक्कम पुरावा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या आरोग्य विभागात आठ महिने एक प्रयोग चालला. साडेएकोणीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना दहा वेळा फिशिंगच्या, म्हणजे फसवून पासवर्ड काढून घेणाऱ्या मेलसारख्या बनावट मेल पाठवण्यात आल्या. २०२५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वार्षिक सक्तीचं प्रशिक्षण नुकतंच पूर्ण केलेले आणि केव्हातरी वर्षापूर्वी केलेले, यांच्या फसण्यात लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. लिंकवर क्लिक केल्याबरोबर जे ‘तुम्ही फसलात, आता हे वाचा’ असं पान उघडतं, त्या पद्धतीने फसण्याचं प्रमाण अवघ्या १.७ टक्क्यांनी घटलं. बहुतेकांनी त्या पानावर मिनिटभरही घालवला नव्हता. ज्यांनी प्रश्नोत्तरांच्या स्वरूपातला धडा शेवटपर्यंत पूर्ण केला त्यांची कामगिरी थोडी बरी होती, पण असे लोक मुळात थोडेच.

त्याआधी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या चौदा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने अभ्यास केला होता. तिथे तर क्लिकनंतर शिकवलं गेलेले लोक पुढे फसण्याची शक्यता वाढलेली दिसली. कदाचित ‘कंपनी आपल्याला सांभाळतेय’ असा खोटा दिलासा त्यातून मिळत असावा, असा संशोधकांचा अंदाज. मात्र त्याच अभ्यासात एक गोष्ट चांगली चालली. मेलच्या खिडकीत ‘ही संशयास्पद वाटते, कळवा’ असं एक बटण दिलं होतं. लोक ते वापरत राहिले, महिनोन्‌महिने, न कंटाळता. आणि हजारो लोकांपैकी काहीजणांनी काही मिनिटांत दाबलेल्या त्या बटणामुळे बाकीच्यांना वाचवता येईल इतक्या लवकर धोक्याची चाहूल लागत होती.

प्रशिक्षणाचा सगळा भर एकेका माणसाला हुशार करण्यावर आहे. उपयोग होतो तो माणसं एकमेकांना विचारू आणि सांगू शकतात तेव्हा. ऑफिसात ही सोय आपोआप होती, तिच्यासाठी कुणी पैसे मोजले नव्हते. विचित्र मेल आली की खुर्ची अर्धी वळवून शेजारच्याला विचारायचं, “अरे, तुलाही आलीये का ही?” तो म्हणायचा, “हो, उघडू नकोस, आयटीवाले आत्ताच सांगून गेले.” संपला विषय. २०२० च्या मार्चमध्ये ही शेजारची खुर्चीच गेली. लॅपटॉप घरी आले, डोंगल आले, कंपनीच्या नेटवर्कशी घरून जोडून देणारं व्हीपीएन आलं. माणूस मात्र सांगलीतल्या नाहीतर कुडाळमधल्या आपल्या खोलीत एकटा उरला. गेल्या पाच-सहा वर्षांत घरून कामाची पद्धत आपल्याकडे चांगली रुजली, ऑफिसला तीन दिवस बोलावणाऱ्या कंपन्यांतही उरलेले दोन दिवस घरचेच असतात. पण गेलेल्या त्या खुर्चीच्या जागी काय ठेवायचं, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झाला.

या एकटेपणाचा फायदा किती सहज उठवता येतो, हे त्याच वर्षी जुलैमध्ये ट्विटरच्या प्रकरणात दिसलं. १५ जुलै २०२० रोजी बराक ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क अशांच्या खात्यांवरून ‘बिटकॉइन पाठवा, दुप्पट करून देतो’ असे ट्वीट गेले. सूत्रधार निघाला फ्लोरिडातला सतरा वर्षांचा मुलगा. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने चौकशी करून जो अहवाल दिला, तो घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी वाचून दाखवावा असा आहे. या टोळीने कुठलं अवघड तंत्र वापरलं नव्हतं. त्यांनी ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोन केले, ‘आम्ही आयटी हेल्पडेस्कवरून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनच्या तक्रारीबद्दल’ अशी सुरुवात केली. तेव्हा सगळेच घरून काम करत होते आणि व्हीपीएनचा त्रास बहुतेकांना रोजचाच होता, त्यामुळे फोन खरा वाटायला वेळ लागला नाही. मग हुबेहूब कंपनीच्या पानासारखं दिसणारं पान उघडायला सांगितलं. कर्मचारी तिथे पासवर्ड टाकत असताना पलीकडचा माणूस तोच पासवर्ड खऱ्या पानावर टाकत होता. फोनवर मंजुरी मागणारा संदेश आला, तोही कर्मचाऱ्याला अपेक्षितच होता, त्याने मंजुरी दिली.

त्या अहवालातली आणखी एक नोंद माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. काही कर्मचाऱ्यांना हे फोन संशयास्पद वाटले होते आणि त्यांनी तसं कंपनीच्या अंतर्गत पथकाला कळवलंही होतं. म्हणजे ओळखणारी माणसं होती. ती ज्यांनी ओळखलं नाही त्यांच्या शेजारी बसलेली नव्हती. एकाने कळवलं ते दुसऱ्याला पुढचा फोन येण्याआधी समजायला हवं होतं, आणि हे काम कर्मचाऱ्याच्या हुशारीचं नाही, कंपनीच्या व्यवस्थेचं आहे. कंपनीत माहिती सुरक्षेच्या प्रमुखाची खुर्ची सात महिने रिकामी होती, हेही त्याच अहवालात आहे. पुढे ट्विटरने आपल्या कर्मचाऱ्यांना सिक्युरिटी की दिल्या. पेन ड्राइव्हएवढं हे उपकरण खोट्या पानाला उत्तरच देत नाही, त्यामुळे माणूस फसला तरी चोराच्या हाती काही लागत नाही. गूगलने हेच २०१७ च्या सुरुवातीपासून केलं होतं, आणि त्यानंतर आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं खातं फिशिंगने गेलं नाही, असं त्यांनी २०१८ मध्ये सांगितलं. आता हीच सोय ‘पासकी’ या नावाने साध्या स्मार्टफोनमध्ये आली आहे. ज्या कंपनीने हे दिलेलं नाही आणि वर्षाला एक कोर्स तेवढा दिला आहे, तिने कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल फार बोलू नये.

दुसरं प्रकरण लास्टपासचं. पासवर्ड सांभाळून ठेवणं हाच या कंपनीचा धंदा. २०२२ साली तिच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपवर चोरांनी हात मारला. तिथवर पोहोचण्याच्या किल्ल्या कंपनीत फक्त चार इंजिनिअरांकडे होत्या. त्यातल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमे-गाणी ठेवण्याचं एक सॉफ्टवेअर होतं, दोन वर्षांहून जास्त काळ अपडेट न केलेलं. त्यातल्या ज्या छिद्रातून चोर शिरले ते बुजवणारी आवृत्ती मे २०२० मध्येच निघाली होती. आत शिरून त्यांनी कळफलकावरची प्रत्येक टकटक टिपणारा प्रोग्रॅम बसवला, इंजिनिअरने नेहमीसारखं लॉगिन केलं, ओटीपीची पायरीही पार केली, आणि मास्टर पासवर्ड चोरांना मिळाला.

यातून ‘सॉफ्टवेअर अपडेट करा’ हा धडा निघतोच, आणि तो खराही आहे. पण त्याआधीचा प्रश्न कंपनीला विचारायला हवा. ज्या चार माणसांच्या हाती एवढ्या मोठ्या किल्ल्या आहेत, त्यांना घरच्या कॉम्प्युटरवरून तिथवर पोहोचता येतच कसं होतं? कामाचा लॅपटॉप वेगळा, त्याच्यावर कामाशिवाय काही नाही, आणि किल्ल्या फक्त त्याच लॅपटॉपवरून उघडतात, अशी रचना असती तर त्या इंजिनिअरच्या घरात कुठला सिनेमा चालू आहे याने कुणाला काही फरक पडला नसता.

आपल्याकडे ही अडचण जास्त तीव्र आहे, कारण आपल्या घरांत वस्तू सामायिक असतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकच लॅपटॉप. दिवसा वडिलांचं काम, संध्याकाळी मुलीचा प्रोजेक्ट, रात्री मुलाचा गेम. मुलगा गेमची फुकट ‘क्रॅक’ आवृत्ती शोधतो, ती उतरवताना ब्राउझरमधले सगळे साठवलेले पासवर्ड उचलणारा एक छोटा प्रोग्रॅम सोबत येतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा साठवणाऱ्या सेवेच्या कितीतरी ग्राहक कंपन्यांची माहिती चोरीला गेली. तपास करणाऱ्या मँडियंट या सुरक्षा कंपनीला काही प्रकरणांत मूळ सापडलं ते कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या अशाच कॉम्प्युटरवर, ज्यावर गेमही चालत होते आणि फुकटचं पायरेटेड सॉफ्टवेअरही उतरवलं गेलं होतं. पासवर्ड चोरीला जाऊन वर्षं लोटली होती, पण ते कधी बदलले नव्हते आणि खात्यांवर ओटीपीसारखी दुसरी पायरीही लावलेली नव्हती. त्याआधी २०२३ मध्ये इतर कंपन्यांना लॉगिनची सेवा देणाऱ्या ऑक्टा कंपनीत एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये आपलं वैयक्तिक गूगल खातं उघडलं होतं आणि कामाच्या एका खात्याचा पासवर्ड त्यात साठवला गेला होता. ‘सेव्ह पासवर्ड?’ असं विचारणारी ती खिडकी आपण सगळेच न वाचता दाबतो.

म्हणून घरातल्या सवयींबद्दल सांगायचंच झालं तर मी मोजक्याच सांगेन. कामाच्या लॅपटॉपवर घरच्या कुणाचं काही नको, आणि घरच्या कॉम्प्युटरवर कामाचं काही नको. कंपनीने लॅपटॉप दिलाच नसेल तर निदान विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं युजर खातं करा आणि मुलांच्या खात्याला सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार देऊ नका. क्रोममध्ये कामाचं प्रोफाइल आणि घरचं प्रोफाइल वेगळं ठेवा. केबलवाल्याने वायफाय बसवून दिलं असेल तर राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदलून घ्या, कारण तो अनेकदा सगळ्या इमारतीत एकच असतो. अपडेट आलं की ‘उद्या आठवण करा’ म्हणू नका, जेवायला उठताना रीस्टार्ट लावून उठा. कॅफेतलं वायफाय आणि रेल्वे स्टेशनवरचं चार्जिंग यांची भीती मात्र प्रशिक्षणात अवाच्या सवा घातली जाते. आज बहुतेक वेबसाइटींवरची देवाणघेवाण कूटबद्ध, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारी असते, व्हीपीएन असेल तर आणखी चांगलं. लोक लुबाडले जातात ते फोनवरच्या गोड आवाजामुळे. कोर्समधली पंधरा मिनिटं कॅफेवर खर्च करून फोनला दोन मिनिटं देणं हे उलटं गणित आहे.

फोनचा आणि मेसेजचा विषय निघाला की आपल्या ऑफिसांतल्या रीतिरिवाजांकडे यावंच लागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले. पाठवणारा स्वतःला अदर पूनावाला म्हणवत होता. अमुक खात्यांत तातडीने पैसे पाठवा, असा मजकूर. कंपनीतून एक कोटी एक लाखाच्या वर रक्कम गेली, आणि नंतर कळलं की पूनावालांनी असा काही मेसेज पाठवलाच नव्हता. पुढे तंत्र आणखी पुढे गेलं. २०२४ च्या सुरुवातीला अ‍ॅरप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपल्या वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना प्रत्यक्ष पाहिलं, ऐकलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे अडीच कोटी डॉलर पाठवले. कॉलवरचे ते चेहरे आणि आवाज बनावट होते.

अशा वेळी ‘चेहऱ्याकडे नीट बघा, ओठ जुळतात का बघा’ असं शिकवण्यात काही अर्थ नाही. उद्या ओठही जुळतील. उपाय एकच, आणि तो जुनाच आहे: आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून खात्री करायची, आणि ठरावीक रकमेच्या वर दोन माणसांच्या सहीशिवाय पैसे हलवायचे नाहीत. हे अकाउंट्समधल्या प्रत्येकाला कळतं. पण एमडींचा मेसेज आल्यावर त्यांना उलट फोन लावून ‘सर, हे तुम्हीच ना?’ असं विचारायची किती जणांची छाती होते? आपल्याकडे साहेबांना दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे अविश्वास, आणि साहेब मीटिंगमध्ये असताना फोन करणं म्हणजे अक्कल नसणं. फसवणारा हे ओळखूनच ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस’ असं लिहितो. त्या एका ओळीवर त्याचा सगळा धंदा उभा आहे.

त्यामुळे प्रशिक्षणाची पहिली गरज साहेबांना आहे. दरवर्षी एकदा मालकाने, एमडीने, विभागप्रमुखाने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे: माझ्या नावाने पैशांचा, पासवर्डचा, ओटीपीचा निरोप आला तर मला फोन करा, मी कुठेही असलो तरी करा, आणि मी उचलला नाही तर पैसे पाठवू नका. आणि असा फोन आल्यावर चिडू नये. पहिल्या फोनला साहेब खेकसले की दुसरा फोन कधीच येत नाही.

हेल्पडेस्कवर बसलेल्यांचं दुखणं याच्या उलट बाजूचं. अमेरिकेतल्या क्लोरॉक्स कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपला हेल्पडेस्क चालवणाऱ्या कॉग्निझंटवर खटला भरला. २०२३ च्या हल्ल्यात चोराने हेल्पडेस्कला फोन करून मी कर्मचारी आहे, माझ्याकडे पासवर्ड नाही असं सांगितलं, आणि ओळख न पटवता त्याला पासवर्ड दिला गेला, असा क्लोरॉक्सचा आरोप आहे. कॉग्निझंटने तो फेटाळला आहे, आपलं काम मर्यादित होतं आणि ते आपण नीट केलं, असं तिचं म्हणणं. निकाल काय लागायचा तो लागेल. पण पुण्यात आणि नागपुरात रात्रपाळीला घरून कॉल घेणारी शेकडो मुलं-मुली असं काम करतात, आणि त्यांचा पगार, त्यांचं रेटिंग एक कॉल किती मिनिटांत संपवला यावर मोजलं जातं. पलीकडचा गोरा साहेब घाईत आहे, चिडलेला आहे, ‘मॅनेजरला जोडा’ म्हणतोय. अशा वेळी ‘सर, मी फोन ठेवून तुमच्या नोंदलेल्या नंबरवर परत करते’ असं म्हणणारीचे चार मिनिटं वाढतात आणि महिन्याअखेरीस तिचाच आलेख खाली जातो. ज्या व्यवस्थेत खात्री करणाऱ्याला शिक्षा होते, तिथे वर्षाला कितीही कोर्स लावा.

शिक्षेचा हा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. चूक कळवायला लागणारा वेळ हाच नुकसान ठरवतो. शुक्रवारी संध्याकाळी कुणी लिंकवर क्लिक केलं आणि लगेच सांगितलं तर दहा मिनिटांत खातं बंद करता येतं. तोच माणूस घाबरून गप्प बसला, सोमवारी बघू म्हणाला, तर चोराला दोन दिवस मोकळं रान. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या कंपन्यांना सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सगळं कंपनीच्या डोक्यावर आहे आणि घटनेची खबर देणारा पहिला माणूस आहे कुठल्यातरी खोलीत एकटा बसलेला, नोकरीच्या काळजीत असलेला कर्मचारी. त्याला भीती घालून कंपनी स्वतःचाच घात करते.

तरी भीती घालणं चालूच असतं. डिसेंबर २०२० मध्ये, ऐन महामारीत, वेबसाइटची नावं विकणाऱ्या गोडॅडी कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना साडेसहाशे डॉलर सणाच्या बोनसची मेल पाठवली. सुमारे पाचशे लोकांनी माहिती भरली. दोन दिवसांनी त्यांना कळवलं गेलं की ही चाचणी होती आणि तुम्ही नापास झालात. कंपनीला नंतर माफी मागावी लागली. चोरही असंच करतील, हा त्या चाचणीमागचा युक्तिवाद खोटा नाही. पण ज्या कर्मचाऱ्याला आपल्याच कंपनीने असं फसवलं, तो पुढच्या खऱ्या चुकीच्या वेळी आयटीला फोन लावेल का? आपल्याकडेही चाचणीत क्लिक करणाऱ्यांची यादी मॅनेजरला जाते, अप्रेझलच्या वेळी तिचा उल्लेख निघतो. अशा याद्या बंद करायला हव्यात. मोजायचंच असेल तर किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा पहिली खबर किती मिनिटांत आली ते मोजा, आणि खबर देणाऱ्याचं नाव टीमच्या कॉलवर कौतुकाने घ्या. स्वतः क्लिक करून मग कळवलं असेल तरीही घ्या.

पासवर्ड दर ९० दिवसांनी बदलायला लावणं हाही असाच एक जुना हट्ट. त्याने काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे: Pune च्या जागी Pune1, मग Pune2. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड चोरीला गेल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, एरवी मुदती घालू नका. २००३ मधली मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी तिच्यातल्या बऱ्याच सल्ल्यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तरी आपल्याकडच्या कितीतरी संस्थांत तो नियम अजून जिवंत आहे.

काही मालक म्हणतात, घरी बसलेल्यावर लक्ष ठेवणं हीच सुरक्षा. दर काही मिनिटांनी पडद्याचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर बसवतात, माउस हलला नाही की नोंद होते. मला हे मान्य नाही. फिशिंगचा फोन आल्यावर हे सॉफ्टवेअर कुणालाही वाचवत नाही, त्याने मालक आणि कर्मचारी यांच्यातला विश्वास मात्र जातो. शिवाय ते फोटो साठवायचे कुठे? २०२५ मध्ये वर्ककंपोझर या अशाच सेवेकडचे दोन कोटींहून अधिक स्क्रीनशॉट इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. लोकांच्या मेल, गप्पा, पासवर्ड, जे जे पडद्यावर होतं ते सगळं त्यात.

मोठ्या कंपन्यांचं सोडा, असं म्हणणारे मला भेटतात. पतसंस्था, सीएचं ऑफिस, पन्नास माणसांचा कारखाना, ज्यांचा टॅली ऑपरेटर आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, त्यांनी काय करायचं? त्यांना खरं तर सोपं आहे, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. एका पानावर, मराठीत, चार गोष्टी लिहा. आपला कॉम्प्युटर बघणारा माणूस कोण, त्याचा नंबर काय. तो एनीडेस्क, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवण्याचं सॉफ्टवेअर, लावायला सांगणार असेल तर आधी कोणत्या नंबरवरून फोन करेल. पुरवठादाराने बँक खातं बदलल्याची मेल पाठवली तर जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारायचं. पैसे गेलेच तर कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. हे पान नव्या माणसाला पहिल्या दिवशी समोर बसवून वाचून दाखवा, अर्धा तास लागतो. इंग्रजी कोर्सचं लायसन्स विकत घ्यायची गरज नाही.

मोठ्यांनी त्या लायसन्सचे पैसे दुसरीकडे वळवावेत. पैसे आणि किल्ल्या हाताळणाऱ्यांना सिक्युरिटी की, बाकीच्यांना पासकी, घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला कंपनीचा लॅपटॉप, मग तो कंत्राटी असला तरी. मेलमध्ये एक बटण आणि एक फोन नंबर, ज्यावर मशीन नाही तर माणूस बोलतो, ‘बरं झालं विचारलंत’ म्हणतो, आणि एकाला आलेला फोन त्याच तासात बाकीच्यांना कळवतो. क्लायंट अमेरिकेत असेल तर तो नंबर पहाटे तीनलाही उचलला गेला पाहिजे, कारण कुडाळमधली एखादी मुलगी त्या वेळी कामावर असते आणि तिच्या शेजारी विचारायला कुणीही नसतं.